हृदयशस्त्रक्रियेच्या कागदांवरची आद्याक्षरे

‘सीएबीजी गुणिले तीन, ऑफ पंप. लिमा ते एलएडी, एसव्हीजी ते ओएम, एसव्हीजी ते पीडीए.’ बायपास झालेल्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेच्या रकान्यात पुष्कळदा एवढाच मजकूर असतो. चार-पाच तास चाललेल्या कामाचा तो वृत्तांत असतो, आणि ज्याला ही लिपी वाचता येते त्याला त्यातून कोणती रक्तवाहिनी कुठून घेतली, कुठे जोडली आणि हे काम करताना हृदय धडधडते ठेवले होते की थांबवले होते, एवढे सगळे कळते. ज्याच्या छातीत हे घडले त्याला मात्र त्या ओळीतले बहुधा ‘ते’ एवढेच कळते.

हृदयशस्त्रक्रिया विभागाची डिस्चार्ज कार्डे टंकित करणे आणि सही होण्यापूर्वी ती तपासणे हे माझे काम आहे. मी डॉक्टर नाही, परिचारिकाही नाही. पण या आद्याक्षरांशी रोजचा संबंध असल्यामुळे त्यांच्याविषयी माझे एक मत तयार झाले आहे. ती कुणापासून काही लपवण्यासाठी तयार झालेली नाहीत. एकाच कामात गुंतलेल्या, घाईत असलेल्या माणसांनी एकमेकांशी बोलण्यासाठी ती घडवली, आणि म्हणून त्यांचा अर्थ शेजारच्या शब्दावरून, कागदावरच्या जागेवरून आणि लिहिणाऱ्याच्या विभागावरून ठरतो. कागद त्या विभागाबाहेर पडला की हा आधार सुटतो आणि नुसती अक्षरे उरतात.

वरचीच ओळ घेऊ. सीएबीजी म्हणजे कॉरोनरी आर्टरी बायपास ग्राफ्टिंग. शल्यचिकित्सक ही चार अक्षरे सुटी उच्चारत नाहीत. ते सरळ ‘कॅबेज’ म्हणतात, आणि नव्याने रुजू झालेला प्रत्येक कर्मचारी पहिल्यांदा हे ऐकून दचकतो. ‘गुणिले तीन’ याचा अर्थ हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर तीन ठिकाणी नवी वाहिनी जोडली. हा आकडा अडथळ्यांचा नसतो. एकाच वाहिनीत वर-खाली दोन अडथळे असले तरी त्या दोहोंच्या पुढे एक जोड दिला की काम होते. उलट एखादी वाहिनी इतकी बारीक किंवा चुनखडलेली असते की अडथळा दिसत असूनही तिथे टाका घालता येत नाही. पायातून घेतलेली एकच लांब शीर वाटेत एका ठिकाणी आणि टोकाला दुसऱ्या ठिकाणी जोडली, तर शीर एक आणि जोड दोन असाही हिशेब होतो. अँजिओग्राफीत पाच अडथळे सांगितले होते, मग बायपास तीनच का केले, हा नातेवाइकांचा प्रश्न त्यामुळे रास्त असला तरी त्यामागची शंका बहुधा निराधार असते.

‘लिमा’ म्हणजे लेफ्ट इंटर्नल मॅमरी आर्टरी, छातीच्या मधल्या हाडाच्या मागून, त्याच्या डाव्या कडेने खाली उतरणारी धमनी. नवी पाठ्यपुस्तके तिला मॅमरीऐवजी थोरॅसिक म्हणतात आणि तिचे लघुरूप ‘लिटा’ असे करतात, पण शस्त्रक्रियागृहात मी तरी लिमाच ऐकते. एलएडी ही हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त पुरवणारी मुख्य शाखा. एसव्हीजी म्हणजे पायातल्या सॅफेनस शिरेचा तुकडा. बायपासनंतर पायावर लांब जखम का आहे आणि घोट्याशी सूज का येते, याचे उत्तर या तीन अक्षरांत असते. ओएम आणि पीडीए या हृदयाच्या बाजूच्या व खालच्या भिंतीकडे जाणाऱ्या शाखा. ‘ते’ या शब्दाचाही अर्थ दोन्हीकडे सारखा नाही. लिमाचे वरचे टोक जागेवरच राहते, फक्त खालचे टोक सोडवून एलएडीला जोडले जाते. शिरेचे मात्र दोन्ही टोक जोडावे लागतात, सहसा एक महाधमनीला आणि दुसरे हृदयावरच्या शाखेला. दहा वर्षांनी पाहिले तर लिमाचे नव्वद टक्क्यांहून अधिक जोड चालू असतात आणि शिरांचे साधारण निम्मे, कारण शीर ही मुळात धमनीचा दाब सोसण्यासाठी बनलेली नसते. सर्वांत महत्त्वाच्या शाखेला सर्वांत टिकाऊ वाहिनी द्यायची, म्हणून ‘लिमा ते एलएडी’ हे शब्द जवळजवळ प्रत्येक कार्डावर एकत्रच येतात. लेनिनग्राडमध्ये वासिली कोलेसोव्ह यांनी छातीतल्या या धमनीचा हृदयाच्या वाहिनीशी जोड 1964 मध्ये टाके घालून यशस्वी केला होता. क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रेने फावालोरो यांनी 1967 पासून पायातली शीर वापरायला सुरुवात केली आणि पुढे हीच शस्त्रक्रिया जगभर पसरली. आजच्या एका ओळीत दोघांचेही काम शेजारी शेजारी बसलेले असते.

आता ‘ऑफ पंप’. इथे या भाषेतला सर्वांत मोठा घोटाळा आहे, कारण बायपास हा शब्द ती दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरते. पहिला बायपास हृदयाच्या बंद पडलेल्या वाहिनीला दिलेला वळसा. दुसरा बायपास संपूर्ण हृदयाला आणि फुप्फुसांना दिलेला वळसा, म्हणजे कार्डिओपल्मनरी बायपास, सीपीबी. यात शरीरातले रक्त नळ्यांवाटे यंत्रात आणून, तिथे प्राणवायू मिसळून पुन्हा महाधमनीत सोडले जाते, जेणेकरून हृदय थांबवून त्याच्या आत काम करता येईल. जॉन गिबन यांनी 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात हे यंत्र वापरून एका तरुणीच्या हृदयातले छिद्र बंद केले, आणि त्या यंत्रावरची ती पहिली यशस्वी शस्त्रक्रिया ठरली. त्या दिवशी रुग्ण ‘बायपासवर’ होती, पण आज लोक ज्याला बायपास म्हणतात तो तिच्यावर झाला नव्हता. याउलट ऑफ पंप सीएबीजी, ज्याला ओपीकॅब असेही लिहितात, म्हणजे यंत्र न वापरता धडधडत्या हृदयावर केलेला बायपास. थोडक्यात, बायपासवर न जाता केलेला बायपास. शस्त्रक्रियागृहात बोलताना कुणाचाही गोंधळ होत नाही, कारण ‘बायपासवर घ्या’ आणि ‘बायपास करायचा आहे’ या दोन वाक्यांत क्रियापद वेगळे असते. कार्डावर क्रियापदे नसतात. झडप बदललेल्या रुग्णाच्या कार्डावर ‘बायपास टाइम’ म्हणून मिनिटांचा आकडा असतो आणि खाली ‘क्रॉस क्लॅम्प टाइम’, म्हणजे महाधमनी चिमट्याने बंद ठेवल्याचा काळ, असतो. ते वाचून “मॅडम, झडपेबरोबर बायपासपण केला का? आम्हाला कुणी सांगितलं नाही,” असे विचारणारे नातेवाईक माझ्या खिडकीशी नेहमी येतात. त्यांनी वाचलेले अक्षरशः बरोबरच असते.

काही शब्दांची अडचण वेगळी आहे. ते ओळखीचे असतात आणि म्हणूनच फसवतात. ‘टीएमटी पॉझिटिव्ह’ ही चांगली बातमी नाही; पट्ट्यावर चालताना आलेखात रक्तपुरवठा कमी पडल्याच्या खुणा दिसल्या, असे ते वाक्य आहे. ‘हार्ट फेल्युअर’ म्हणजे हृदय बंद पडणे नाही. हृदय चालू आहे, पण शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्यात ते कमी पडते आहे. ‘ट्रिव्हियल टीआर’ हे तर पुष्कळ निरोगी माणसांच्या इकोतही लिहिलेले असते, कारण उजवीकडच्या तीन पाकळ्यांच्या झडपेतून किंचित रक्त मागे येणे सर्रास आढळते. ‘डीव्हीडी’ आणि ‘टीव्हीडी’ म्हणजे अनुक्रमे दोन आणि तीन मुख्य वाहिन्यांत आजार. यावर करता येण्याजोगे सगळे विनोद आमच्या विभागात करून झाले आहेत.

या सगळ्यांत जास्तीत जास्त भीती निर्माण करणारा आकडा ईएफचा. इजेक्शन फ्रॅक्शन म्हणजे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के बाहेर टाकले जाते ते प्रमाण. कार्डावर 60 टक्के लिहिले असेल तर वाचणारा परीक्षेतले गुण मोजावेत तसा हिशेब करतो आणि हृदय चाळीस टक्के निकामी झाले असे समजतो. वास्तविक कोणतेही हृदय पूर्ण रिकामे होत नाही. साधारण 55 ते 70 टक्के हे निरोगी प्रमाण मानले जाते. शिवाय हा आकडा यंत्राच्या पडद्यावर पाहून काढलेला असतो आणि दोन तपासनिसांत पाच टक्क्यांचा फरक सहज पडतो, तेव्हा 55 चे 50 झाले म्हणून झोप उडवून घेण्याचे कारण नाही. त्याच्याच जवळ ‘एनवायएचए तीन’ असे काहीतरी असते. न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनने 1928 मध्ये सुचवलेल्या आणि पुढे सुधारत गेलेल्या या वर्गवारीत एक ते चार असे वर्ग आहेत, आणि ते माणसाला किती श्रमाने दम लागतो यावरून ठरतात. ईएफ हृदयाचे मोजमाप आहे, एनवायएचए माणसाच्या दिवसाचे. ईएफ 30 असलेला माणूस औषधांच्या जोरावर दुसऱ्या वर्गात आरामात वावरताना दिसतो, आणि ईएफ 60 असलेल्या, पण महाधमनीची झडप आकसलेल्या माणसाला एक जिना चढवत नाही. दोन्ही आकडे एकत्र वाचले तरच चित्र उभे राहते.

ग्रीक आणि लॅटिन शेपट्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण त्या प्रामाणिक असतात. ‘टॉमी’ म्हणजे कापून उघडणे, म्हणून स्टर्नोटॉमी म्हणजे छातीचे मधले हाड उभे कापणे आणि थोरॅकोटॉमी म्हणजे बरगड्यांमधून शिरणे. ‘एक्टॉमी’ म्हणजे काढून टाकणे, ‘प्लास्टी’ म्हणजे आकार सुधारणे. एवढे तीन लक्षात ठेवले की निम्मे शब्द उलगडतात.

माणसांची नावे ही मात्र लघुरूपांचीच एक जात आहे, आणि ती अधिक अपारदर्शक आहे. ‘बेंटॉल’ लिहिले की महाधमनीचा सुरुवातीचा फुगलेला भाग आणि झडप दोन्ही बदलून हृदयाच्या वाहिन्या नव्या नळीला जोडल्या, असा एक परिच्छेद त्या नावात गुंडाळलेला असतो. ‘फॉन्टान’ म्हटले की खालचा एकच कामाचा कप्पा असलेल्या बालकाचे अशुद्ध रक्त हृदयाला वगळून थेट फुप्फुसांकडे वळवले, हे समजायचे. नाव ज्ञात नसेल तर अंदाज बांधायला एकही धागा सापडत नाही. आणि नाव कुणाचे राहिले, कुणाचे गळले, हा प्रश्न निराळाच. निळसर पडणाऱ्या बाळांसाठीचा ‘बीटी शंट’, म्हणजे रक्ताला काढून दिलेली आडवाट, हा ब्लॅलॉक आणि टॉसिग यांच्या नावाचा. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात 29 नोव्हेंबर 1944 रोजी अल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी तो पहिल्यांदा केला. फुप्फुसांकडे जादा रक्त वळवावे ही मूळ सूचना हेलन टॉसिग यांची. पण प्रयोगशाळेत कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया बसवणारे व्हिव्हियन थॉमस हे कृष्णवर्णीय तंत्रज्ञ होते, त्यांच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती, आणि त्या दिवशी ते ब्लॅलॉक यांच्या मागे पायरीवर उभे राहून टाका कसा घालायचा ते सांगत होते. शस्त्रक्रियेच्या नावात ते कित्येक दशके नव्हते. अलीकडे अनेक शल्यचिकित्सक ‘बीटीटी शंट’ असे लिहू लागले आहेत. माझ्यापुढे मजकूर दोन अक्षरांचा आला तरी मी तीन अक्षरे टंकित करून पाठवते. आजवर कुणी ती परत खोडली नाहीत.

एकाच लघुरूपाचे दोन अर्थ हा या भाषेचा जुना दोष आहे. सुरुवातीच्या ओळीतला पीडीए हा पोस्टिरिअर डिसेंडिंग आर्टरी. पण नवजात बाळाच्या कार्डावर तोच पीडीए म्हणजे पेटंट डक्टस आर्टेरिओसस, जन्मानंतर मिटायला हवी होती पण उघडी राहिलेली नलिका. आरए म्हणजे हृदयाचा उजवा वरचा कप्पा, मनगटाकडून काढलेली रेडियल धमनी आणि ऱ्हुमॅटॉइड संधिवात. हे तिन्ही एकाच रुग्णाच्या कागदावर येऊ शकतात. सीएमव्ही म्हणजे जुन्या कागदांवर छाती उघडून, पण हृदय न थांबवता केलेले मायट्रल, म्हणजे हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधल्या, झडपेचे रुंदीकरण, अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वासाची एक पद्धत, आणि प्रयोगशाळेत एक विषाणू. यांतल्या बहुतेक जोड्या निरुपद्रवी आहेत, कारण वय, रकाना किंवा शेजारचा शब्द खुलासा करतो. आयसीडीची जोडी तेवढी साधी नाही. छातीतले रक्त व हवा बाहेर काढण्यासाठी बरगड्यांमधून घातलेल्या नळीला बऱ्याच ठिकाणी इंटरकॉस्टल ड्रेन, म्हणजे आयसीडी, म्हणतात, आणि हृदयाची घातक लय विजेच्या झटक्याने मोडणारे, त्वचेखाली बसवलेले यंत्रही आयसीडीच. ‘दुसऱ्या दिवशी आयसीडी काढला’ ही नळीच्या बाबतीत रोजची नोंद आहे; यंत्राच्या बाबतीत ती गंभीर घटना ठरेल. पुढे कधी हा रुग्ण एमआरआयसाठी गेला, तर त्याच्या अंगात विद्युत यंत्र आहे किंवा होते काय, ही चौकशी या तीन अक्षरांमुळे सुरू होते.

औषधांच्या रकान्यात ढिलाई चालत नाही. ओडी, बीडी, टीडीएस, एचएस, एसओएस ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरे: दिवसातून एकदा, दोनदा, तीनदा, झोपताना, गरज पडल्यास. यातली ओडी नेत्रविभागात गेली की ‘उजवा डोळा’ होते. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनने, म्हणजे रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने, 2004 मध्ये वापरू नयेत अशा लघुरूपांची अधिकृत यादी लागू केली, तीत युनिटसाठी एकटे यू हे अक्षर आहे, कारण ते शून्यासारखे दिसते आणि मात्रा दहापट होते. एमएस आहे, कारण ते मॉर्फिन सल्फेटही असते आणि मॅग्नेशियम सल्फेटही. आणि दशांश चिन्हानंतरचे निरर्थक शून्यही आहे. हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांना या शेवटच्या नियमाची गरज सर्वांत जास्त आहे. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन 1.0 मिलिग्रॅम लिहिले आणि टिंब पुसट उमटले तर ते 10 वाचले जाते. त्याच यादीप्रमाणे दशांश चिन्हाच्या आधीचे शून्य मात्र गाळायचे नसते, डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध 0.25 असेच लिहायचे. एमएसविषयी एवढे सांगायला हवे की आमच्या विभागात त्याचा तिसराच, मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे झडप आकसणे, हा अर्थ रोजचा आहे, आणि निदानाच्या रकान्यात मी तो तसाच ठेवते. औषधांच्या रकान्यात तो आला तर कागद परत जातो.

राहता राहिले ते एमव्हीआर, आणि माझा खरा आक्षेप आहे तो याच तीन अक्षरांवर. एम म्हणजे मायट्रल, व्ही म्हणजे व्हाल्व्ह. आर म्हणजे रिप्लेसमेंट किंवा रिपेअर. झडप बदलली की दुरुस्त केली, हे दोन्ही एकाच वयाच्या, एकाच आजाराच्या रुग्णात, एकाच रकान्यात, एकाच शल्यचिकित्सकाच्या हातून घडते, त्यामुळे इतर जोड्यांना मिळणारा शेजारचा आधार इथे मिळत नाही. विभागातली माणसे रूढीने एमव्हीआर म्हणजे बदल असे धरून चालतात आणि दुरुस्तीसाठी ‘एमव्ही रिपेअर’ लिहितात, पण ही रूढी सगळीकडे सारखी पाळली जात नाही आणि दुसऱ्या गावच्या डॉक्टरला ती ठाऊक असेलच असे नाही. यांत्रिक झडप बसवली असेल तर वॉरफरिन आयुष्यभर घ्यावे लागते, आणि ते मध्येच थांबले तर झडपेवर गुठळी धरून ती अडकू शकते. प्राण्याच्या ऊतीची झडप असेल किंवा स्वतःचीच झडप कडी घालून दुरुस्त केली असेल, आणि हृदयाची लय नियमित असेल, तर ते औषध बहुधा काही महिन्यांपुरतेच असते किंवा लागतही नाही. दात काढण्यापूर्वी किंवा दुसऱ्या एखाद्या शस्त्रक्रियेपूर्वी रक्त पातळ करणारे औषध बंद करायचे का, किती दिवस, हा निर्णय ज्या डॉक्टरला घ्यायचा असतो त्याच्या हाती पुष्कळदा केवळ ‘एस/पी एमव्हीआर’, म्हणजे ‘पूर्वी एमव्हीआर झालेला’, एवढाच मजकूर पडतो, आणि रुग्णाला स्वतःला फक्त झडपेचे ऑपरेशन झाल्याचे आठवत असते.

कार्ड आधीच तीन पानांचे होते, आणखी किती लिहायचे, असा यावरचा युक्तिवाद मी ऐकला आहे. तीन पानांत क्रॉस क्लॅम्पची मिनिटे मावतात, नळ्यांची मापे मावतात, प्रत्येक टाक्याच्या धाग्याचा क्रमांक मावतो. त्यातले घरी गेल्यावर कुणाला काहीही लागत नाही. ‘मायट्रल झडप बदलली, यांत्रिक, 29 मिलिमीटर, वॉरफरिन कायम, आयएनआर (रक्त किती पातळ आहे याचे माप) 2.5 ते 3.5 दरम्यान’ हे लिहायला एक ओळ पुरते, आणि ती पहिल्या पानावर निदानाच्या लगेच खाली, रुग्णाच्या भाषेत असायला हवी. आपल्या किंवा घरातल्या कुणाच्या कार्डावर ती नसेल, तर पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. झडपेच्या डब्यातून आलेले, नमुना आणि अनुक्रमांक असलेले छोटे कार्ड मिळाले असेल, तर तेही त्याच पानाला जोडून ठेवावे.